बोतामोची की ओहागी?

प्रश्न
एक जपानी गोष्ट मराठीत आणतेय. तीत आजी मार्चमध्ये 'बोतामोची' करते आणि सप्टेंबरात 'ओहागी'. चित्रात मात्र दोन्हीकडे तोच गोळा: आत चिकट भात, बाहेर काळपट लाल पुरण. हे दोन पदार्थ आहेत की एकच? सरळ 'पुरणाचा लाडू' लिहून टाकू का?

प्रतिसाद १
पदार्थ एकच, पण लाडू करू नका हो, सगळी गंमत नावातच आहे! 'बोतान' म्हणजे पिओनी, वसंतातलं मोठं भरगच्च फूल. 'हागी' हे शरदात बारीक जांभळट-गुलाबी फुलांनी लवणारं झुडूप. त्याचं लिपीचिन्हसुद्धा 'शरद' आणि त्याच्या डोक्यावर 'गवत' असं बनलंय. आधीचा 'ओ' आदरार्थी. मार्च आणि सप्टेंबरातल्या संपातांच्या सुमारास सात-सात दिवस 'हिगान' पाळतात, पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, तेव्हाचा हा नैवेद्य. (शरदातला हिगान बऱ्याचदा आपल्या पितृपक्षाच्या आगेमागेच येतो.)

पुरणाचंही एक सांगतात. अझुकी हे लाल कडधान्य शरदात नवं असतं, साल मऊ, म्हणून ओहागीला सालासकट घोटायचं. मार्चपर्यंत साठवणीतली साल चिवट होते, म्हणून बोतामोचीला गाळून घ्यायचं. पुरणयंत्र फिरवून ज्यांचा खांदा भरून आलाय त्यांना हे लगेच पटेल. अर्थात आज दुकानांत बाराही महिने 'ओहागी'च लिहिलेलं दिसतं.

प्रतिसाद २
उरलेल्या दोन ऋतूंची नावं कोणी सांगितली नाहीत! उन्हाळ्यात 'योफुने', म्हणजे रात्रीची नाव. हिवाळ्यात 'कितामादो', म्हणजे उत्तरेची खिडकी. इथे फुलं नाहीत, निव्वळ श्लेष आहे.

नेहमीचा मोची (चिकट भाताचा गोळा) उखळात घालून मोठ्या मोगरीने धपाधप कुटतात. हा भात भांड्यातच बत्त्याने अर्धवट चेचतात, त्यामुळे शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून हा 'त्सुकी शिराझु', कुटणं न कळणारा. आता 'त्सुकी' म्हणजे पोचणंही. अंधारात नाव धक्क्याला कधी लागली ते कळत नाही: योफुने. 'त्सुकी' म्हणजे चंद्रही, आणि उत्तरेच्या खिडकीतून चंद्र दिसत नाही: कितामादो. आपल्या पंतकवींनीही मान डोलावली असती.

या अर्ध्या चेचण्याला 'हानगोरोशी' म्हणतात, शब्दशः 'अर्धमेलं करणं'. पूर्ण चेचलं तर 'मिनागोरोशी', सरसकट कत्तल. एका लोककथेत मुक्कामाला आलेला पाहुणा रात्री घरच्यांची कुजबुज ऐकतो, 'उद्या अर्धमेलं करायचं की कत्तल?', आणि त्याची झोपच उडते.

प्रतिसाद ३
एक शंका. जपानात बोतान बहरतो एप्रिलअखेरीपासून मे महिन्यात. मार्चच्या हिगानला तो कुठला? हागी मात्र सप्टेंबरात बरोबर जुळतो.

प्रतिसाद १
खरंय, फूल मागाहून येतं. त्यामुळे बोतामोचीला फुलाच्या हजेरीपेक्षा आकाराची उपमा जास्त लागू पडते: मोठा, गोल, ऐसपैस. ओहागी काही घरांत त्या मानाने लहान, लांबट वळतात.

प्रश्नकर्ती
म्हणजे दोन्ही नावं ठेवते आणि फुलं वाक्यातच आणते. 'बोतान फुलासारखी टपोरी बोतामोची' चालेल? आणखी एक: पुढे 'फळीवरून बोतामोची पडली' असं येतं. 'पडत्या फळाची आज्ञा' लिहू?

प्रतिसाद २
'टपोरी' छान. दुसरं नको. पडत्या फळाची आज्ञा म्हणजे मनात होतंच, त्याला निमित्त मिळालं. इथे हातपाय न हलवता लाभ झालाय, तोंडी भाषेत नुसतं 'तानाबोता' ('ताना' म्हणजे फळी) म्हणतात. 'घबाड हाती लागलं' जवळचं. पण लहान मुलांची गोष्ट असेल तर फळी आणि बोतामोचीच राहू द्या. आणि तिथे ऋतू कुठलाही असो, 'ओहागी' करू नका. फळीवरून पडते ती बोतामोचीच.