एमबीबीएसच्या पोरांचं दोन महिन्यांचं संशोधन: शिकणं की फॉर्म भरणं?

ओपीडी_बारा (धागाकर्ती)

तिसऱ्या वर्षाला आहे. सरकारी कॉलेज, मराठवाडा. नाव विचारू नका.

गेल्या वर्षी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वैद्यकीय आणि दंतवैद्यकाच्या पदवीच्या मुलांनी दोन महिन्यांचा छोटा अभ्यास करावा म्हणून १९७९पासून चालणारी योजना. प्रस्ताव पाठवायचा, निवड झाली की काम करायचं, मग अहवाल. अहवाल मंजूर झाला तरच सर्टिफिकेट आणि ५०,००० रुपये. माझा मंजूर झाला. तरीही माझं मत असं आहे की हे बंद करावं, निदान त्याला संशोधन म्हणणं तरी.

विषय होता गरोदर बायकांमधला ॲनिमिया आणि लोहाच्या गोळ्या. किती बायका घ्यायच्या, याचं गणित सरांनी जुन्या केसपेपरच्या पाठीमागे मांडलं. चार पी क्यू भागिले डी वर्ग. एनएफएचएस-५ मध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) देशातल्या गरोदर बायकांत ॲनिमिया ५२ टक्के, म्हणून पी ५२ आणि क्यू म्हणजे उरलेले ४८. डी म्हणजे किती चूक चालेल ते. डी ५ धरला तर ४०० बायका लागत होत्या. सर म्हणाले, दोन महिन्यांत चारशे कुठून आणशील, डी १० घे. झाले की १००! मला तेव्हा वाटलं, सर काय हुशार आहेत.

मग रोज सकाळी एएनसी ओपीडीच्या, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या, बाकावर. एके दिवशी एक बाई, सातवा महिना, हिमोग्लोबिन ७.८, म्हणजे बरंच कमी. विचारलं, गोळ्या रोज घेता का? "घेते ना मॅडम, रोज घेते." शेजारी सासू. मी 'हो'वर टिक केली. थोड्या वेळाने पाणी प्यायला गेले तर तिची नणंद नळापाशी भेटली. म्हणाली, "समद्या गोळ्या ज्वारीच्या कोठीत हायेत. लेकरू मोठं होतंय म्हने त्यानं, मंग शिजर करावं लागतंय."

सरांना सांगितलं. सर म्हणाले, फॉर्मवर काय आहे? 'हो' ना? मग 'हो'.

एक्सेलच्या ३७व्या ओळीत मी १ टाकला. 'नाही'ला शून्य होतं. अहवालात लिहिलं की बहुतेक बायका नियमित गोळ्या घेतात. ते खोटं आहे हे मला माहीत होतं. पैसे मिळाले, घरच्यांना मिठाई दिली.

बोला.

माजी_रजिस्ट्रार

अगदी बरोबर. मी तर म्हणेन तू दोन महिने वाया घालवलेस. नीट-पीजीमध्ये एसटीएसला एक मार्कसुद्धा नाही. ते दोन महिने मेडिसिन वाचलं असतंस तर रँकवर दिसलं असतं. ज्याला अमेरिकेत रेसिडेन्सी करायची आहे त्याने खुशाल करावं, तिथे सीव्हीत संशोधन बघतात. इथे राहायचं असेल तर हे म्हणजे लग्न ठरायच्या आधी बारशाची तयारी. थेसिस पीजीला करायचाच आहे की. तेव्हा भरपूर फॉर्म टिक करायला मिळतील.

पीएसएमवाला

मी मास्तर आहे, कम्युनिटी मेडिसिनचा. एसटीएसचे गाइड म्हणून बरीच वर्षं काढली, तेव्हा त्या सरांच्या जागी स्वतःलाच बघतोय. जरा लांबण लागेल.

आधी डी. १० घेणं हा गुन्हा नाही. पण मग तुझ्या ५२ टक्क्यांचा अर्थ '४२ ते ६२ च्या मधलं काहीतरी' असा होतो, आणि तो अहवालात लिहावा लागतो. लिहिलास का? नसशील. माझ्याही पोरांनी लिहिलेला नाही आणि मी सह्या केल्या आहेत.

आता ३७वी ओळ. अगं, तुझ्या अख्ख्या अभ्यासात खरं संशोधन तेवढंच झालं! प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, रक्तातला आकडा त्या उत्तराशी जुळेना. तू नळापाशी गेलीस आणि कारण सापडलं. पीजीचे थेसिस तपासतो मी. तीनतीनशे ओळींचा चार्ट असतो आणि एकाही ओळीमागचं माणूस त्या पोराला आठवत नाही. तुला कोठीसुद्धा आठवते. सर चुकले. तुझी टिप 'मर्यादा' या मथळ्याखाली चार ओळींत गेली असती तर तुझा अहवाल त्या शंभर फॉर्मांपेक्षा वजनदार झाला असता.

गडचिरोलीचं उदाहरण देतो. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांचा अभ्यास केला, १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्रास होतो असं निम्म्याहून थोड्या जास्तच बायका म्हणाल्या. तपासल्यावर ९२ टक्के बायकांत स्त्रीरोग निघाले. नुसते फॉर्म भरले असते तर केवढं निसटलं असतं बघ. हे पोरांनी विसाव्या वर्षी स्वतःच्या हातांनी एकदा अनुभवावं, एवढ्यासाठी एसटीएस हवी. बंद कसली करता!

माजी_रजिस्ट्रार

सर, बंग दांपत्य गडचिरोलीत राहायला गेलं. ही दोन महिन्यांसाठी बाकावर गेली. तुलना कुठे करताय? आणि "चार ओळी लिहायला हव्या होत्या" हे तुम्ही आज म्हणताय. गाइडच्या सहीशिवाय अहवाल जात नाही, आणि वायव्हाला (तोंडी परीक्षेला) समोर तेच सर बसतात. कुठलं पोर लिहील?

टोरांटोकर

मी डॉक्टर नाही, पण राहतो तिथली गोष्ट. १९२१चा उन्हाळा, टोरांटो विद्यापीठ. मधुमेहावर औषध शोधणाऱ्या डॉ. बँटिंगला मदतीला एक विद्यार्थी हवा होता. दोघे होते, बेस्ट आणि नोबल. नाणं उडवलं, बेस्टची पाळी आधी आली. नुकतीच पदवी संपलेला २२ वर्षांचा मुलगा. काम काय, तर कुत्र्यांच्या रक्तातली आणि लघवीतली साखर मोजायची. बँटिंगच्या आठवणींत आहे की सुरुवातीला मोजमापं ढिसाळ निघाली म्हणून त्याने बेस्टला सणसणीत झापलं, आणि बेस्टने रात्रभर बसून काचेची सगळी भांडी घासली. त्याच कामातून पुढे इन्सुलिन आलं. पहिल्या संशोधनात भांडी घासणं पण येतं, ताई. फॉर्म भरणं तसंच समजा.

माजी_रजिस्ट्रार

आणि १९२३ चं नोबेल बँटिंग आणि ज्यांच्या प्रयोगशाळेत ते काम झालं त्या मॅक्लाउड यांना. बेस्टला बँटिंगने स्वतःच्या पैशातला वाटा दिला, ही मेहरबानी. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

(आणि त्याला झापणाऱ्याला आकडे खरे हवे होते. इथे नेमकं उलट झालंय.)

टोरांटोकर

कंसातलं मान्य. कंसाबाहेरचं नाही.

बाकावरची

मी वेगळंच बोलते. माझ्या पहिल्या बाळंतपणात मी त्याच बाकावर होते, शहर वेगळं. पहाटे साडेपाचची एसटी, केसपेपरची रांग, मग रक्ताची रांग. पाय सुजलेले. तेवढ्यात पांढरा कोट घालून एक मुलगी आली, "दोनच मिनिटं" म्हणाली आणि चार पानं काढली. संमतीपत्रावर सही घेतली. त्यावर लिहिलेलं असतं की नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही. हे मला घरी येऊन कळलं, कारण मला वाचता येतं आणि कागदाची प्रत मी मागून घेतली होती. माझ्या शेजारणीने अंगठा दिला. तिला वाटलं, सही नाही केली तर सोनोग्राफी होणार नाही.

इथे सगळे भांडताय की पोरीला काय मिळालं. अनुभव, मार्क, पैसे. त्या ७.८ वाल्या बाईला काय मिळालं, ते कुणी विचारलंय का? कोठीतल्या गोळ्यांचं कळल्यावर तिला परत बोलावलं का?

ओपीडी_बारा

नाही बोलावलं.

नणंदेशी बोलून परत आले तेव्हा ती रक्त द्यायला गेली होती. मग पुढचा नंबर आला. फॉर्मवर तिचा मोबाईल नंबर होता. दोन महिने तो फॉर्म माझ्या बॅगेत होता.

पीएसएमवाला

बाकावरची ताई, तुमच्या पोस्टला माझ्याकडे उत्तर नाही. एथिक्स कमिटीत आम्ही संमतीपत्राचं मराठी तपासतो. ते वाचून कोण दाखवतं, हे आजवर कधी तपासलेलं नाही.

उपकेंद्र

एएनएम आहे, म्हणजे उपकेंद्रातली नर्स, २२ वर्षं नोकरी. तुम्ही लोक फार मोठं मोठं बोलता. मी प्रश्नाबद्दल बोलते.

"गोळ्या रोज घेता का" हा प्रश्नच चुकीचा आहे. सरकारी लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस. आम्ही देतो आणि आम्हीच विचारतो, घेतली का? बाई काय 'नाही' म्हणणार? तिला वाटतं आम्ही ओरडू. ओरडतोच.

रिकाम्या पोटी मळमळतं, पोट घट्ट होतं, शी काळी होते म्हणून घाबरतात. काही जणी चहाबरोबर घेतात, मग अंगी काय लागणार? आणि "लेकरू मोठं होतं" हे मला महिन्यातून चारदा ऐकावं लागतं.

मी 'घेता का' असं विचारतच नाही. विचारते, शी काळी होते का? ज्या बाईने गोळी खाल्लीच नाही, ती म्हणते, "नाही बाई, नेहमीसारखी." ती खोटं बोलत नाही, तिला माहीतच नसतं मी काय विचारलं. मग पाकीट मागते, उरलेल्या मोजते.

मुलांनी दोन महिने यावं, जरूर यावं. पण फॉर्म छापायच्या आधी आठ दिवस माझ्याबरोबर घरोघरी हिंडावं.

माजी_रजिस्ट्रार

सिस्टर, हे पुस्तकात का नाही?

उपकेंद्र

शी काळी होते हे पुस्तकात आहे. विचारायचं कसं ते नाही.

ओपीडी_बारा

सिस्टर, माझ्या फॉर्ममधला प्रश्न क्र. १४: 'आपण लोहाच्या गोळ्या नियमितपणे घेता का? हो / नाही.' माझी ज्युनिअर याच विषयावर प्रस्ताव पाठवणार आहे आणि तिने माझाच फॉर्म मागितलाय. १४ खोडून तुमचे दोन प्रश्न टाकू का? आणि तो जुना मोबाईल नंबर काल लावला. उचलला. मुलगी झालीय, घरीच आहे. गोळ्या बाळंतपणानंतर पण असतात ना, मी काय सांगू तिला?

उपकेंद्र

असतात, आणखी १८० दिवस. फोनवर सांगू नका. गाव कळवा, तिथल्या आशाताईला निरोप देते.

१४ खोडा. आणि ज्युनिअरला सांगा, आधी सासूला केसपेपर आणायला पाठवायचं. मग विचारायचं.