पिशवीभर कचरा उचलला की मोले वाचलं?

कुळागरवाला, धारबांदोडा
काल इथे एका पाहुण्यांनी लिहिलं, की दूधसागर धबधब्याला जाणाऱ्या प्रत्येकाने पिशवीभर कचरा उचलून आणला तर आमच्या गोव्यातलं मोलेचं अभयारण्य वाचेल. वाहवा तर विचारूच नका! अहो, 2020 मध्ये याच रानातून रेल्वेचा दुहेरी मार्ग, चौपदरी रस्ता आणि 400 केव्हीची वीजवाहिनी न्यायची म्हणत होते, तेव्हा कुठे होती तुमची पिशवी? रेल्वेची परवानगी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्यासाठी कोणीतरी कोर्टात भांडलं.

भटका पुणेकर
मीच तो पाहुणा. कोर्टात मी कुठून जाणार? धबधब्याखाली दोन तासांत गोणीभर बाटल्या निघाल्या, निम्म्या दारूच्या. त्या काय रेल्वेने टाकल्या?

शुद्धलेखन
अभयारण्य सरसकट म्हणू नका. 240 चौ. किमी.पैकी 107 राष्ट्रीय उद्यान आहे, 1978 पासून.

कुळागरवाला
बरं मास्तर. पुणेकर, बाटल्या राहू देत, माकडांचं बोला. तिथे केळी घेऊन माकडांना भरवता, फोटो काढता. आमचे आजोबा डबा बडवायचे, की माकडं पसार. आता मी डबा बडवतो तर बसून बघतात, खायला आणलंय का म्हणून! गेल्या वर्षी माझ्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, खालच्या रांगेतल्या माडांवर एक आडसर, म्हणजे शहाळं, राहिलं नाही. नारळ उतरवणाऱ्या पाडेलीला बोलावून काय दाखवू?

रानवेडी
काहीही! खाणींनी डोंगर खाल्ले म्हणून माकडं खाली येतात. केळ्यांवर खापर फोडणं सोपं.

कुळागरवाला
खाणी आजोबांच्या वेळीही होत्या, बाई. तरी माकडं डब्याला भीत होती.

रानवेडी
एका कुळागरावरून सिद्धान्त! आणि ‘बाई’ कुणाला म्हणता?

कुळ्याचा पोर
माझ्या मामाची धबधब्यावर नेणारी जीप आहे. ऑक्टोबर ते मे, तेवढंच पोट. तुम्ही सगळे मिळून पर्यटक बंद करा, मग आमची चूल पेटवायला या. आणि आम्ही जीपमधून खाली उतरवताना बाटल्या बघतो तरी. पावसात जीप बंद, तेव्हा रुळांवरून चालत येणाऱ्या ट्रेकरांना कोण बघतं? 2023 मध्ये रेल्वेलाच सांगावं लागलं, रुळांवरून येऊ नका.

कुळागरवाला
पात्रांव, बंद करा कोणी म्हटलं? मामाला सांग, केळी घेऊन चढणाऱ्याला जीपमध्येच घेऊ नको.

कुळ्याचा पोर
सांगतो. गिऱ्हाईक गेलं तर भाडं तुमच्याकडून.

रानवेडी
भरवू नये हे मलाही मान्य आहे. फक्त तेवढंच कारण नाही, इतकंच म्हणत होते.

भटका पुणेकर
खरं सांगायचं तर एक केळं मीही दिलं होतं. मुलगी हट्टाला पेटली होती.

कुळागरवाला
मग ते माकड ओळखीचं निघालं. काल माझ्या पडवीत येऊन बसलं होतं, तुमची मुलगी कशी आहे विचारत होतं. पिशवी आणा हो पुढच्या वेळी, नाही म्हणत नाही. रिकामी आणा.