प्रतिसाद: तपासणीत न दिसणारा आजार

मानसिक आजार हे खरे आजारच नाहीत, कारण रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही तो आजार कसला, असा मुद्दा इथे मांडला गेला आहे. साधारण हाच मुद्दा मानसोपचारतज्ज्ञ थॉमस झाझ यांनी १९६१ सालीच मांडला होता. समाजाला न पटणाऱ्या वागण्यालाच आजार ठरवलं जाईल, ही त्यातली एक भीती खरी होती. समलैंगिकता १९७३पर्यंत अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या आजारांच्या यादीत होती. निदानाचा असा गैरवापर झाला, मान्यच. पण म्हणून आजारच नसतो?

एके काळी युरोपातल्या मनोरुग्णालयांत भ्रमिष्ट होऊन, शेवटी लुळे पडून मरणारे कितीतरी रुग्ण असत. १९१३ साली नोगुची आणि मूर या संशोधकांना अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिस या लैंगिक आजाराचे जंतू सापडले. मग १९१२ साली ते आजारी नव्हते का? (झाझ म्हणतील, तो मेंदूचा आजार, मनाचा नव्हे. ही वाटणी रुग्णाच्या काय कामाची?) अर्धशिशीचं निदानही आज लक्षणांवरूनच होतं.

माझ्या मावशीला बायपोलर (कधी उन्माद, कधी खोल नैराश्य असा मानसिक आजार) आहे. उन्मादाच्या भरात ती चार-चार रात्री झोपायची नाही, दागिने वाटून टाकायची. "मन खंबीर कर" हे आम्ही तिला वर्षानुवर्षं ऐकवलं. लिथियम हे औषध सुरू झालं आणि काही महिन्यांनी ती पुन्हा स्वयंपाकघरात गुणगुणताना ऐकू आली. आधीची वाया गेलेली वर्षं मला अजून सलतात.