मदत हवी आहे: प्रथिन नसतानाही फायबर सेन्सर सिग्नल देतोय

धागाकर्ती – निळाई
अँटिबॉडी (ठरावीक प्रथिन पकडणारा रेणू) लावलेला ऑप्टिकल फायबर नमुन्यात बुडवला की प्रकाश झटकन कमी होतो. पण ज्यात प्रथिन घातलेलंच नाही, त्या नमुन्यातही जवळपास तेवढाच कमी होतो! ब्लॉकिंग (उरलेल्या मोकळ्या जागा झाकणं) केलंय. परवा सरांना आलेख दाखवायचाय. कृपया लवकर सांगा.

काचबिंदू
फायबर कुठला? ग्रेटिंग (गाभ्यात ठरावीक अंतराने रेघा कोरलेला) आहे की वाकवलेला? तरंगलांबी किती? नमुना कशात आहे? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निळाई
सिलिकाचा, क्लॅडिंग (बाहेरचं आवरण) काढून यू आकारात वाकवलेला. हिरवा एलईडी, दुसऱ्या टोकाला फोटोडिटेक्टर. नमुना सीरममध्येच (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव), आणखी कशात असणार?

दिगंत
सरळ एलायझा (प्रयोगशाळेतली नेहमीची अँटिबॉडी चाचणी) करा. आमच्याकडे वर्षानुवर्षं तेच चालतं, आकडे भरवशाचे येतात.

काचबिंदू
दिगंत, एलायझाला काही तास लागतात. त्यांना उत्तर मिनिटांत हवंय, म्हणून तर हा खटाटोप.
निळाई, बेसलाइन, म्हणजे सुरुवातीचं रीडिंग, कशात घेता?

निळाई
पीबीएसमध्ये (मिठाचं बफर द्रावण). सगळे तसंच करतात ना?

काचबिंदू
मग घोळ तिथेच आहे. फायबरबाहेर झिरपणारं प्रकाशाचं इव्हॅनेसंट क्षेत्र साधारण शे-दोनशे नॅनोमीटर पोचतं आणि अँटिबॉडीचा थर असतो जेमतेम दहा-पंधरा नॅनोमीटरचा. म्हणजे उरलेल्या जागेत जो द्रव असेल, तोही सिग्नलमध्ये मोजला जातो. सीरममध्ये लिटरला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं आधीच असतात, त्यामुळे त्याचा अपवर्तनांक पीबीएसपेक्षा जास्त. वाकलेल्या भागातून प्रकाश जास्त निसटतो आणि तुम्हाला वाटतं, काहीतरी चिकटलं.
सीरममधून काढून फायबर पीबीएसने नीट धुवा आणि पुन्हा पीबीएसमध्येच रीडिंग घ्या. पहिल्या आणि शेवटच्या पीबीएसमधला फरक तेवढा खरा. शेजारी अँटिबॉडी नसलेला, फक्त बीएसए (गाईच्या सीरममधलं प्रथिन) लावलेला फायबरही चालवा. सीरममधलं जे उगाच चिकटतं, ते त्यावर दिसेल.

तरंग
यू-फायबरच्या नादी लागूच नका. तिरपं ग्रेटिंग घ्या. त्यात गाभ्यातला मोड (गाभ्यातून जाणारा प्रकाश) बाहेरच्या द्रवाला दाद देत नाही, त्याची तरंगलांबी तापमानाने किंवा फायबरवरच्या ताणाने सरकते. 1550 नॅनोमीटरला अंशामागे साधारण 10 पिकोमीटर. तो वजा केला की तापमानाचा प्रश्न मिटला.

काचबिंदू
खरंय, पण त्याला इंटरोगेटर (तरंगलांबी अचूक मोजणारं यंत्र) लागतो. त्यांच्याकडे एलईडी आहे आणि परवा आलेख दाखवायचाय!

तरंग
आज धावपळ करून उद्या परत तिथेच अडकण्यापेक्षा बरं.

सुगरण७
अँटिबॉडी छोट्या छोट्या भागांत वाटून उणे 20 अंशांवर ठेवा. पुन्हा पुन्हा गोठवली-वितळवली की तिची ताकद जाते.

निळाई
धुऊन पाहिलं. सिग्नल बराचसा परत वर आला! पण प्रथिन असलेल्या आणि नसलेल्या नमुन्यांतला फरक अजून अगदीच बारीक आहे. अँटिबॉडी ग्लुटराल्डिहाइडने (जोडणारं रसायन) जोडलीय, बाटलीतली थेट वापरली.

काचबिंदू
बाटलीच्या लेबलवर ट्रिस (एक बफर रसायन) किंवा बीएसए लिहिलंय का? दोन्हींत अमाइन असतात, म्हणजे ग्लुटराल्डिहाइड ज्यांना पकडतं ते गट. ग्लुटराल्डिहाइडच्या जागा तेच अडवतात आणि अँटिबॉडीला फार थोड्या उरतात. तसं असेल तर बिनबीएसएची अँटिबॉडी मागवा. फक्त ट्रिस असेल तर पीबीएसमध्ये डायलिसिस (पडद्यातून छोटे रेणू काढून टाकणं) पुरे. बीएसए मात्र त्याने जाणार नाही. लेबल वाचून इथेच लिहा.