तळ्याच्या गाळातले देवमासे

'गोठलेली जमीन खणायची नसेल तर रडार फिरवण्यापलीकडे फारसं काही हातात राहत नाही' हे जुन्या वस्त्यांच्या शोधाबद्दल ऐकू येणारं म्हणणं मला अर्धंच पटतं. जमिनीत लहरी सोडून आतलं टिपणाऱ्या रडारने पुरलेली भिंत, फार तर चूल दिसेल. पण तिथे माणसं काय करत होती हे कधीकधी शेजारचं डबकं जास्त नीट सांगतं.

कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या सॉमरसेट बेटावर साधारण इ.स. १२०० ते १६०० या काळात थूल इनुइटांची (आजच्या इनुइट लोकांच्या पूर्वजांची) हिवाळी वस्ती होती. ही मंडळी बोहेड देवमाशांची शिकार करत आणि त्यांचीच हाडं घराच्या छपराला वापरत. डग्लस, स्मोल आणि सहकारी संशोधकांनी घरांना हात न लावता जवळच्या तळ्यातल्या गाळाचा गाभा, म्हणजे नळीने उभा नमुना, काढला (२००४ साली प्रसिद्ध). वस्तीच्या काळातल्या थरांत नायट्रोजन-१५ चं (नायट्रोजनच्या जड प्रकाराचं, जो समुद्री प्राण्यांत जास्त असतो) प्रमाण वाढलेलं, आणि डायाटम या सूक्ष्म शैवालांच्या जाती बदलून मॉसवर (हरित शेवाळ्यावर) वाढणाऱ्या जाती जास्त झालेल्या. चरबी, मांस, हाडं यांतली पोषकद्रव्यं झिरपून तळ्यात उतरली होती. माणसं जाऊन चार शतकं झाली, तरी ते पाणी पूर्ववत झालेलं नाही!

गाळात नळी खुपसणं म्हणजे उत्खननच की, असं कोणी म्हणेल. असेल, पण वस्तीतला एक दगडही हलत नाही. कालमापनात मात्र जपावं लागतं: देवमाशाच्या हाडाचं कार्बन-१४ वय (किरणोत्सारी कार्बन किती उरला त्यावरून काढलेलं) समुद्रातल्या जुन्या कार्बनमुळे शेकडो वर्षांनी जास्त निघतं.