हत्तीपायाचे जंतू रक्तात, मंग पाय काऊन नाही सुजला?

धानवाला: गावात रात्री रक्त घेतलं तं पोराच्या रक्तात हत्तीपायाचे जंतू निघाले पण पाय बरोबर हाय, अन् शेजारच्या काकाचा पाय सुजून हाय तं रक्तात काहीच नाही, असं काऊन?

लॅबवाला: रक्तातले जंतू ज्याची पिल्लं, तो मोठा जंत अंगात ५-७ वर्षं जगते भाऊ, एवढी वर्षं शरीर जोरात लढत बसलं तं आपलंच नुकसान, म्हणून पोराच्या अंगात रेग्युलेटरी टी पेशी (लढाईले ब्रेक लावणाऱ्या पांढऱ्या पेशी) आयएल-१० नावाचा निरोप्या रेणू सोडून सूज दाबून ठेवतात, आयजीजी४ नावाची सौम्य अँटीबॉडी बी वाढते. काकाकडे हा ब्रेक सैल, जंतू मरतात पण लसिकावाहिन्या (अंगातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) बी खराब होतात, म्हणून पाय सुजते.

धानवाला: मंग पोरानं गोळ्या कायले खायच्या?

वर्धेची ताई: अहो, पाय बरा दिसला तरी आतल्या लसिकावाहिन्या फुगतात, अन् डासामार्फत दुसऱ्यालाही होतं. गोळीनंतर थोडा ताप येऊ शकतो, जंतू मरतात म्हणून.