टॉर्नेडोला 'वावटळ' म्हणावं का?

प्रश्न
वादळात स्वतःला कसं सांभाळायचं, याची मुलांसाठीची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. टॉर्नेडोसाठी मी 'वावटळ' लिहिलं, तर सहकाऱ्याने 'चक्रीवादळ' सुचवलं. वारा दोन्हींत गरगर फिरतोच. कोणता शब्द बरोबर?

प्रतिसाद
दोन्ही नकोत. फिरण्यापलीकडे या तिघांत फारसं साम्य नाही.

वावटळ जमिनीवरून उठते. उन्हाने मातीलगतची हवा तापून वर धावते आणि धूळ-पाचोळ्याचा खांब फिरू लागतो. वर आभाळ बहुधा निरभ्र असतं आणि थोड्याच वेळात ती विरते. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं. त्यासाठी पाणी साधारण २६ ते २७ अंश सेल्सिअस इतकं तरी तापलेलं लागतं. वर गेलेल्या वाफेचे ढग होताना जी उष्णता सुटते, तिच्यावर ते पोसतं. घेर शेकडो किलोमीटरचा, आयुष्य कित्येक दिवसांचं. टॉर्नेडो मात्र गडगडाटी वादळाच्या ढगातून सोंडेसारखा खाली येतो. रुंदीला बहुधा काहीशे मीटरच, पण सर्वांत जोरकस टॉर्नेडोत वारा ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो.

'वावटळ' वाचलेलं मूल डोळे मिटून जागीच उभं राहील. 'चक्रीवादळ' वाचलेल्याला वाटेल, अजून एक-दोन दिवस हातात आहेत. टॉर्नेडोत हातात मिनिटंच असतात. तळघरात जायचं, ते नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरच्या, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत डोकं झाकून बसायचं. शास्त्रीय लेखनात 'घूर्णवाती वादळ' असा शब्द आहे, पण मुलांच्या तोंडी तो बसणार नाही. मी सरळ 'टॉर्नेडो' ठेवेन.

आणखी एक प्रतिसाद
'तुफान' हा शब्दही पाहा. तो अरबी-फारसीतून आला आणि मूळ अरबीत तो महापुराचा शब्द आहे, नूहच्या (बायबलमधल्या नोहाच्या) काळातल्या प्रलयाचा. मराठीत आपण त्यातलं पाणी विसरलो आणि वारा तेवढा ठेवला. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण चक्रीवादळात सर्वाधिक बळी आजवर वाऱ्याने नव्हे, पाण्याने घेतले आहेत.

प्रश्नकर्ती
मग 'स्टॉर्म सर्ज'चं काय करू? मी 'वादळी लाट' लिहिलं आहे.

प्रतिसाद
ते बदला, कळकळीने सांगतो. लाट येते आणि ओसरते. इथे वारा समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो, त्यामुळे अख्खी पातळीच काही मीटर चढते आणि तासन्‌तास तशीच राहू शकते. भरतीची वेळ जुळली तर आणखी वर. नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळ फिलिपाइन्सवर आलं, तेव्हा 'स्टॉर्म सर्ज' येणार असा इशारा आधी दिलेला होता. पण टॅक्लोबान शहरातल्या अनेकांना त्या शब्दाचा अर्थच उमगला नाही. 'त्सुनामी' म्हटलं असतं तर पळालो असतो, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. त्या वादळात ६,००० हून अधिक माणसं गेली. शब्द सापडत नसेल तर वाक्य लिहा: 'समुद्र घरात शिरेल, आताच उंच जागी किंवा किनाऱ्यापासून दूर जा.'

प्रश्नकर्ती
वाक्यच लिहिते. आणि 'वादळात विजेपासून दूर राहा' हे ठीक आहे ना?

प्रतिसाद
नाही, मुलं बटणांपासून दूर राहतील! आपल्याकडे दिव्यातली आणि आभाळातली, दोघींना एकच शब्द. 'आभाळात वीज कडाडत असताना' असं लिहा. 'पाऊस सुरू झाला की आत जा' असं कुठे असेल तर तेही काढा, कारण वीज पावसाच्या सरीपासून १० किलोमीटरवरही पडू शकते. गडगडाट कानावर आला की पक्क्या इमारतीत किंवा धातूचं छत असलेल्या बंद गाडीत जायचं, झाडाखाली मुळीच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही.

आणखी एक प्रतिसाद
चक्रीवादळाच्या पानावर 'डोळा आला की वादळ थांबतं' असं वाक्य असेल तर 'थोडा वेळ' हे दोन शब्द घालाच. डोळा म्हणजे वादळाच्या मधोमधचा शांत भाग. डोळा पुढे सरकला की वारा उलट दिशेने, तितक्याच जोराने येतो. नेमकी तेव्हाच माणसं पत्रे बघायला बाहेर पडलेली असतात.